अनुष्का कुणाकडे राहील

मी नीलम वाल्मीक खोब्रागडे, वय अठ्ठावीस, शिक्षण सातवी, राहणार द्वारका, दिल्ली. डोकं ठिकाणावर आहे. कुणी धाक घातलेला नाही. धाक आहे तो ऑपरेशनचा. बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार. डॉक्टर म्हणाले, त्यासाठी हृदय थोडा वेळ बंद ठेवतात. तेवढा वेळ मी कुठे असेन, ते कुणी सांगत नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

"बोलतेस तसं लिही. अर्थ सरळ असला की कोर्ट मानतं," असं ताई म्हणाल्या. ताई म्हणजे ॲडव्होकेट चंद्रप्रभा दिनकर गुप्ते. मी त्यांच्याकडे स्वयंपाक करते आणि मुलीला घेऊन मागच्या खोलीत राहते.

घर माझं नाही, तेव्हा ते कुणाला देत नाही. बँकेत आहे ते अनुष्काच्या शिक्षणाला. तिचे बाबा ताईंची गाडी चालवायचे, ते वारले. त्यांचं घड्याळ तिला द्यावं. बंद आहे, तरी द्यावं.

शिलाई मशीन पानिपतच्या धाकट्या जावेला. माझ्या हातचा ब्लाउज बघून ती चारचौघांत म्हणाली होती, "दिल्लीवाल्या वहिनींना साधं काज येत नाही, यार." आता तू कर काजं.

गच्चीवरची लाल खुर्ची ताईंचीच आहे, पण ती फेकू नये अशी माझी इच्छा. कारण सांगते. ताईंचं काम स्पर्धा कायद्याचं. कंपन्या बाहेर एकमेकींशी भांडतात आणि आत बसून भाव ठरवून घेतात, ते ताई उघडं पाडतात. त्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढल्या. एक्क्याण्णवनंतर परदेशी कंपन्या आल्या, तेव्हा बाकीचे वकील त्यांचे करार करायला धावले, ताई ह्या कामात शिरल्या. "चंद्रा, तुला कोण विचारणार?" असं त्यांचे वडील म्हणायचे. आता नवा कायदा आलाय, तर मोठमोठे वकील विचारायला घरी येतात आणि माझा चहा पितात.

मोठ्या केसच्या आदल्या संध्याकाळी ताई मला त्या खुर्चीत बसवतात. मी जज. त्या काळा कोट घालून फेऱ्या मारत बोलतात. कळलं नाही की मी हात वर करायचा.

"बोला, माय लॉर्ड, काय अडलं?"

"ताई, काहीच नाही कळलं."

"अरे यार! चलो, परत पहिल्यापासून."

विमानं इतकी खाली येतात की त्यांचं पोट दिसतं. ताई थांबतात, विमान जातं, मग अर्धं वाक्य तिथूनच पुढे. अनुष्का टाकीच्या सावलीतून ओरडते, "हाजिर हो!" मला कधीकधी वाटतं, वाळत घातलेल्या चादरींत वारा भरून ती गच्चीच सुटते आणि आम्हा तिघींना घेऊन हळूहळू वर जाते. खाली द्वारकेच्या सगळ्या इमारती काड्यापेट्यांएवढ्या. हृदय बंद असेल तेव्हा मी तिथेच असेन, असं मी ठरवलंय.

आता मुख्य. माझा दीर सिद्धांत आणि जाऊ, दोघांनी पानिपतला बसून ठरवलंय की मला काही झालं तर अनुष्काला तिकडे न्यायचं, शाळा सोडवायची आणि त्यांचं बाळ सांभाळायला ठेवायचं. "वहिनी, टेन्शन नका घेऊ, सगळं फायनल आहे," असं भावजी फोनवर म्हणाले. मला विचारलं नाही. आठ वर्षांच्या पोरीला विचारलं नाही. आत बसून ठरवायचं आणि भोगायचं बाहेरच्यानं. ताई जन्मभर ज्याच्याविरुद्ध बोलल्या, ते हेच की.

म्हणून लिहिते: माझ्यानंतर अनुष्काच्या पालक चंद्रप्रभाताई. दुसरं कुणी नाही.

ताईंना हे तोंडानं मागायची हिंमत नव्हती. त्यांनी लग्न केलं नाही, पोरांची सवय नाही. अनुष्का मळक्या पायांनी सोफ्यावर चढली की त्या उठून जातात. मी पहिला कागद गच्चीवर नेऊन पुढे केला. म्हटलं, "ताई, साक्षीदार म्हणून सही करा."

त्यांनी चष्मा लावला. त्या ओळीपाशी थांबल्या. विमान येऊन गेलं. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"मी नाही करणार सही."

मी कागद ओढायला गेले. त्यांनी त्यावर हात ठेवला.

"वेडे, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्यानं साक्षीदार होऊ नये. उद्या तुझा दीर म्हणेल, बाईनं आपल्यासाठीच लिहून घेतलं. बाहेरचे दोघं बोलाव."

मग जिन्यात वाकून त्यांनी हाक मारली, "अनुष्का! पाय धू आणि वर ये. माझ्याजवळ बस."

हा कागद मी पुन्हा नीट लिहून काढला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

नीलम वाल्मीक खोब्रागडे (सही)

साक्षीदार: दत्तात्रय केळकर, शेजारी (सही)
साक्षीदार: डॉ. प्रभा साठे, वरचा मजला (सही)

द्वारका, नवी दिल्ली
१३ मार्च २०१०

ताईंची सही इथे नाही. का नाही, ते कोर्टानं वर वाचलंच आहे.