माझ्या पाठचा आकडा

अंगोल, मंगळवार

प्रिय रायेन,

तीन रविवार मी नदीकाठी आलो नाही, याचा तू काय अर्थ लावला असशील ते मला ठाऊक आहे. दुसरी कुणी नाही. हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

तू औषधांच्या दुकानात पहिल्यांदा आलीस तो दिवस आठव. सवलतीसाठी तू ओळखक्रमांक सांगितलास आणि मी लिहिता लिहिता थांबलो. शाळा आठवीत सुटली, पण क्रमांक खरा की खोटा हे पडताळायचं गणित मी दुकानात शिकलो: अंकांना उजवीकडून दोन, तीन असं सातपर्यंत गुणत जायचं, मग पुन्हा दोनपासून, बेरजेला अकराने भागायचं आणि बाकी अकरातून वजा करायची. दहा आले तर शेवटी ‘के’. तुझा ‘के’ बरोबर होता. पण एक कोटी एकसष्ट लाखांच्या घरातला तो आकडा माझ्या आकड्यापेक्षा फक्त एकाने मोठा होता. तू हसलीस, “म्हणजे जन्मनोंदणीच्या रांगेत मी तुझ्या पाठी रडत होते!” मी शहाणपणा केला, की लागोपाठच्या दोन संख्यांना एक सोडून दुसरा सामाईक विभाजक नसतो. “अरे देवा, मग आपलं जमायचं कसं?” म्हणत तू माझ्या हातावर पिन्योनच्या उकडलेल्या बिया ठेवल्यास.

ही गंमत मी आईला सांगितली, तुझं नाव न घेता. ती पावाला अवोकाडो लावत होती. सुरी थांबली. “रांगेत कुणीतरी मागे असणारच ना? पाव खा.” कोण होतं, असं विचारलं, तर म्हणाली, “माझ्या डोक्याला मागे डोळे नाहीत.” तेव्हापासून मी घरी येताच ती मला न्याहाळते, आणि मी तिला. आपण दोघं डावखुरे, याचं मला कौतुक होतं. तुझा वाढदिवस, निदान कागदावर, माझ्यानंतर तीनच दिवसांनी. तुझी आई गरोदर असतानाचा एकही फोटो तुमच्या घरी नाही, हे तूच बोलून गेली होतीस. आता यातलं काहीच मला साधं वाटत नाही.

परवा भांडी घासताना आई पाठमोरीच म्हणाली, “ऑर्फेलियाच्या पोरीला या घरात आणू नकोस.” रायेन, तुझ्या आईचं नाव मी आमच्या घरात कधीच उच्चारलं नव्हतं. “तू तिला कशी ओळखतेस?” असं आईला विचारलं, तर तिने नळ मोठा सोडला.

नववर्षाला आपण अंगठ्या घालायचं ठरवलंय, म्हणून लिहितोय. त्याआधी ऑर्फेलिया मावशीला एवढंच विचार: त्या सकाळी दोन बायका दोन बाळं घेऊन रांगेत एकीमागे एक उभ्या होत्या. ती दोन्ही एकीच्याच पोटची होती का? “नाही” म्हणाली, तर तिच्यासमोर गुडघे टेकून माफी मागेन आणि अंगठी तिथेच तुझ्या बोटात घालीन. “हो” म्हणाली, तर मला कळव, पण समोर येऊन सांगू नकोस. खाली एका शब्दाची जागा मोकळी सोडलीय. ती तू भर.

तुझाच ..........
एलिसेओ