कॅप्टन शालन आणि डावा कौल

शुक्र. ९ जाने. विश्रामबाग
माझी विज्ञानकथा अकराव्या पानावर अडली. कॅप्टन शालनचं यान बंद पडलंय, आत चाळीस माणसं. बाहेर एक प्रचंड तेज येऊन उभं. म्हणतं, माझ्यापुढे वाक, क्षणात सगळं सुरू करतो. शालनने काय करावं? एका खर्ड्यात ती वाद घालते. दुसऱ्यात त्याला खोटं पाडते. तिसऱ्यात सरळ वाकते. तिसरा तर टराटरा फाडलाच. फिजिक्स शिकवणाऱ्या बाईने असलं लिहायचं?

संध्याकाळी गावाहून वडिलांचा, अण्णांचा फोन. "भैरोबाला कौल लावला. डावा आला." ठेवला फोन.

म्हणजे त्यांचं ऑपरेशन नाही. वीस तारीख मिळालेली असताना.

रवि. ११. गावी
कडेगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्या, तासभर तिथेच. अण्णा ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबले. हृदयाची झडप अरुंद झालीय. डॉक्टर म्हणाले, धोका आहेच, पण न केलं तर जास्त.

मी भांडले. "अण्णा, गुरव देवाच्या दोन खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतो. वाळली की पडते. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. यात देव कुठं आला?"
"तुजं शास्त्र तुज्यापाशी. मी इचारलं, त्यानं सांगितलं."
"सुभेदार होता ना तुम्ही? फौजेत कळ्या बघून निघत होता?"
उठून आत गेले. माझ्या जिभेला हाड नाही.

बुध. १४. संक्रांत
लिहायलाही लाज वाटते. सुट्टी होती, तडक गावी, देवळात. यशवंत गुरव शाळेत माझ्या मागच्या वर्गात. त्याला म्हटलं, अण्णांना सांग, त्या दिवशीची कळी नीट लागली नव्हती. परत लाव. आणि या वेळी डावी घट्ट बसव.
त्याने ताम्हन पुसून जागेवर ठेवलं. "ताई, अण्णांसाठी कायबी करीन. पर ह्ये न्हाई."
तो बाहेर गेला. मी एकटीच देवापुढे. वीस वर्षांत इथे हात जोडले नव्हते. आणि मोठ्याने म्हणाले, त्यांना वाचव, म्हणशील तसं वाकते. वाकलेही.
फाडलेला तिसरा खर्डा.

रवि. १८. विश्रामबाग
दारात अण्णा! एकटे, एसटीने, फौजेतली हिरवी पिशवी घेऊन. "ॲडमिट कवा व्हायचं?"
"आणि कौल?"
"ऑपरेशन करू का, असं मी इचारलंच न्हाई. ते डॉक्टर सांगतोय की. परत घरी येईन का, एवढंच इचारलं."
आणि त्याचं उत्तर डावं. मग आलात कशाला, एवढंच तोंडातून निघालं.
"ती खबर हाय, हुकूम न्हाई. खबर वाईट हाय म्हणून ड्युटी सोडत्यात व्हय?"
त्या दिवशी का नाही सांगितलं? म्हणे, "तू भांडत हुतीस. ऐकाय बरं वाटलं."
स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते ऐकू येऊनही आले नाहीत. बरं केलं.

जेवताना त्यांना शालनची अडचण सांगितली. त्यांनी विचारलं, "जहाजावर मानसं किती?" चाळीस. "मग तिला मानापमान कशाला? तो मोठा हाय, नमस्कार घालावा. पर जहाज त्याच्यावर सोडू न्हाई. आपलं काम आपुन करायचं."

मंगळ. २०. हॉस्पिटल
साडेसातला आत नेलं. त्याआधी हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. "यशवंताचा फोन आलता. वाकलीस म्हनं देवाला."
मी घड्याळ पर्समध्ये ठेवू लागले.
"वाकलीस ते ठीक. कळी घट्ट बसवाय सांगितलीस ते न्हाई पटलं."
हसत होते. दार लागलं.

बाकावर बसून बारावं पान लिहिलं. शालन त्या तेजापुढे वाकली. उत्तराची वाट न बघता वळली आणि इंजिनाच्या खोलीत जाऊन विचारलं, काय काय दुरुस्त व्हायचं राहिलंय? पुढचं सुचत नाही.

अकरा वाजून दहा. नर्स बाहेर आली, दुसऱ्याच कुणाच्या नातेवाइकांना हाक मारून गेली. अण्णांचं घड्याळ अजून किल्लीचं. रोज सकाळी ते स्वतः किल्ली देतात, आज द्यायची राहिली असणार.

मी दिली.