डाव्या कोपऱ्यातली ओल

माय,

काल संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास तुझी पणती, माझी नात, टेनिसच्या जिल्हा स्पर्धेत अंतिम फेरीत पोचली. तिच्या प्रशिक्षकांनी फोनवरून बातमीला दुजोरा दिला. ती स्वतःही फोनवर आली होती, पण गुडघा फुटला म्हणून आणि सामना जिंकला म्हणून एकदमच रडत होती, त्यामुळं तिचं म्हणणं मी छापण्याजोगं धरलं नाही. जन्म वर्तमानपत्रात गेल्यावर माणूस घरची बातमीही दोन ठिकाणी विचारून घेतो. प्रशिक्षक म्हणाले, "आजोबा, पोरीचे पाय फार छान पडतात. ती म्हणते तुम्ही शिकवलंत. तुम्हाला मूळ कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "आमच्याकडं निजामाच्या काळात एक साहेब होते." हे उत्तर मी आयुष्यभर देत आलोय. फोन ठेवला आणि पहिल्यांदाच त्याची लाज वाटली, म्हणून कागद घेऊन बसलो.

कचेरीच्या मागचं ते मुरमाचं कोर्ट मला अजून दिसतं. चुन्याच्या रेघा, मधे जाळी, कडेला घाणेरीची झुडपं आणि चार अंमलदारांसाठी चार खुर्च्या. म्हातारा भिस्ती थकला, त्याची कातड्याची मशक तर त्याच्याही आधी थकली, आणि कोर्टावर पाणी मारायचं काम तुझ्याकडं आलं. आडावरून घागर भरायची, चुंबळीवर ठेवायची, कोर्टावर आणून शिंपडायची, परत आडावर. मी त्याच कचेरीत उमेदवार होतो. म्हणजे काम रोज आणि नोकरी देवाच्या मनात येईल तेव्हा. तू पाणी मारून झुडपाआड टेकायचीस आणि खेळ बघायचीस. पहिल्या आठवड्यात घरी येऊन म्हणालीस, "एवढाले मोठाले लोक दोन-दोन घटका एकमेकाला चेंडू देत्यात, अन् कुणीच ठिवून घेत न्हाय. कसला ह्यो खेळ?" रॅकेटला तू चाळणीच म्हणायचीस, शेवटपर्यंत.

माझी निवड खेळावरून झालेलीच नाही. मुनसफसाहेबांची, म्हणजे न्यायाधीशांची, बदली मुरुम गावाला झाली आणि जाताना ते कॅनव्हासचे बूट अंमलदारांच्या क्लबात विसरून गेले. चौथा गडी हवा होता. तहसीलदारसाहेबांनी कचेरीतल्या तरण्या पोरांना ओळीनं उभं केलं आणि ते बूट एकेकाच्या पायात घालून बघायला लावले. माझ्या पायात चिंध्या कोंबल्यावर बसले. "बस, ये लड़का खेलेगा," साहेब म्हणाले. पहिल्या दिवशी मी तीन वेळा पडलो. त्यात एकदा तर चेंडू जाळीच्या पलीकडं असताना. साहेब फार सभ्य माणूस. ते हसले नाहीत, फक्त म्हणाले, "मियाँ, ये पाँव हैं या उधार के हैं?" बूट तर उधारीचेच होते.

घरी तू भाकरी थापतेयस. तव्यावरची भाकरी उलटवत, माझ्याकडं न बघता म्हणतेस, "तू चेंडूकडं पळतोस, व्हय ना? म्हैस पेंडंकडं पळती तसा." मी चिडतो. "तुला काय कळतंय गं त्यातलं?" तू म्हणतेस, "चेंडूतलं न्हाय कळत बाबा. पायातलं कळतंय." दुसऱ्या दिवशी उजाडताना तू मला आडावर नेलंस, माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि चुंबळीवर भरलेली घागर. आडावरच्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. एक तर ओरडली, "अगं, लेकाला सासरी धाडतीस का काय?" तू म्हणालीस, "व्हय, पर आधी चालायला तर येऊ दे." पहिली घागर माझ्या मानेवरून थेट धोतरात गेली. दुसरी मुनसफसाहेबांच्या बुटात.

पुढं कधीतरी वार्ताहर म्हणून मी मोठ्या शहरांतले सामने पाहिले, नामांकित शिक्षकांना प्रश्न विचारले, आणि ते जे सांगत ते वहीत उतरवताना मला हसू येई. ते सगळं तुझंच होतं. पाऊल लहान टाक. गुडघा सैल ठेव. नजर पायाकडं नको, जायचंय तिकडं ठेव. मागून कुणी हाक मारली तर मान वळवू नको, आधी पाय वळव, घागर आपोआप वळती. समोरून बैल आला तर एका जागी हलकंच थांब, दोन्ही पाय फाकून, म्हणजे डावीकडं बी जाता येतंय अन् उजवीकडं बी. हे सगळं मला रोज सकाळी ओल्या धोतरानं शिकवलेलं होतं. आणि माझा मोठा रोग वेगळाच होता. एक फटका चुकला की पुढचे दहा मी त्या एकाच्या दुःखात घालवायचो. तू झुडपाआडून बघत होतीस. एक दिवस जेवताना म्हणालीस, "आडावरनं येताना माझंबी सांडतंय की. सांडल्यालं बघत हुबी ऱ्हायले, तर दुसरी खेप कवा करू?" एवढंच. परत भाकरीकडं वळलीस.

दोन वर्षांत मी क्लबाच्या वार्षिक सामन्यांत शेवटपर्यंत पोचलो. समोर खुद्द तहसीलदारसाहेब. त्याच आठवड्यात माझी नोकरी मुस्तकिल, म्हणजे कायम, करायचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी गेला होता. साहेबांपुढं कागद ठेवणारे म्हातारे पेशकार मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "बेटा, काग़ज़ मेज़ पर है. कल दिल से खेलो, मगर अदब से." साहेबांनी असलं काही कधी म्हटलं नव्हतं आणि म्हटलंही नसतं, हे मला आजही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. भीती आमची आम्हीच जमवलेली होती. घरात मिळवतं माणूस तू एकटी, आणि तुझ्या मानेचं दुखणं तेव्हा सुरू झालेलं. त्या रात्री तू मानेला एरंडाचं पान बांधत म्हणालीस, "उद्या जिंकलास तर अणदूरच्या खंडोबाला भंडारा उधळून येते." मी पेशकारांचं बोलणं तुला सांगितलं नाही.

एकेक सेट झाला. तिसऱ्यात मी पाच-चार पुढं, आणि एकच गुण हवा होता. तू झुडपाआड उभी आहेस, रिकामी घागर कडेवर, पोर धरावं तशी. साहेब डाव्या कोपऱ्यात मारतात. चांगला फटका आहे, पण मी तिथं दोन पावलं आधीच पोचलोय. ते पाय तुझे होते. गुडघे सैल, तोल बरोबर, समोर अख्खं कोर्ट मोकळं. आणि मला तो टेबलावरचा कागद दिसला. मी खाली बसलो. पडलो म्हणत नाही, बसलो. त्यानंतर लंगडायचं नाटक करत तीन गेम गेले, आणि सामनाही. मी बसलो तेव्हाच साहेब जाळी ओलांडून धावत आले होते, स्वतः हात देऊन मला उठवलं होतं. "चोट तो नहीं आई?" मी म्हणालो, "पानी ज़्यादा हो गया था साहेब, कोने में."

चौकीदारानं तिथल्या तिथं तुला हटकलं. "बाई, जरा बघून पाणी मारत जा की." तू म्हणालीस, "चुकलं, दादा." सामना संपून सगळे खुर्च्यांकडं सरबत प्यायला गेले, तेव्हा तू डाव्या कोपऱ्यात गेलीस, वाकलीस, आणि मुरमावर तळहात टेकवून पाहिलास. मी लंगडत होतो, पण बघत होतो. घरी आल्यावर विचारलंस, "घसरलास व्हय?" मी म्हणालो, "हो." तू म्हणालीस, "बरं." दुसऱ्या दिवसापासून त्या कोपऱ्यात तू अर्धीच घागर मारायला लागलीस, आणि चौकीदाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचीस, "हितं लई ओल ऱ्हाती बाई." पुढं त्या कोपऱ्यात इतकी धूळ झाली की साहेब तिकडं गेले की शिंकायचे.

कागदावर चौथ्या दिवशी सही झाली. साहेब सही करताना म्हणाले, "ये तो पिछले हफ़्ते ही करनी थी, खेल में भूल गया." नंतर निजामी गेली, कचेरीतली उर्दू गेली, तिच्यामागं माझी कायमची नोकरीही गेली, आणि मी सोलापूरला वर्तमानपत्रात लागलो. तिथून तुला पत्रं लिहायचो. ती शेजारचे मास्तर ओसरीवर बसून, खणखणीत आवाजात, निम्म्या गल्लीला ऐकवायचे. त्यामुळं हे पत्र तेव्हा लिहिता आलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय. सुट्टीला मी स्वतः घरी यायचो, तेव्हा मधे मास्तर नव्हते. हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे.

माय, कोपरा कोरडा होता. तुझ्या तळहाताला ते तेव्हाच कळलं होतं, मी फक्त कबूल करतोय.

अंतिम सामना उद्या सकाळी नऊला धाराशिवला आहे. पहाटेच्या एसटीनं निघून सातपर्यंत पोचेन, पाणी मारायच्या वेळेला. प्रशिक्षकांना साहेबांची गोष्ट दुरुस्त करून सांगायची आहे, आणि सामन्याआधी नातीला ही सगळी हकीकत. ती काय म्हणेल याचा मला अंदाज आहे. तुझ्यासारखंच "बरं" म्हणेल, आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकेल.