अकराव्या प्रश्नाचं उत्तर

८ जानेवारी २०२६

प्रिय श्रीशैल,

पत्र बघून हसशील. खिशात फोन असताना शेषेरावला कागद-पेन काढायची काय अवदसा आठवली, असं म्हणशील. गेल्या पंधरा दिवसांत तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा माझा गुडघा, तुझी शुगर आणि नांदेडची थंडी एवढ्यावर बोलून ठेवून दिला. फोनवर तुझा आवाज आला की मला गप्पा सुचतात आणि मुद्दा राहतो. बालाजी उद्या सकाळच्या एसटीनं नांदेडला निघालाय, त्याच्याच हाती हे देतोय.

मुद्दा तुला ठाऊक आहे. तू शेत विकायला काढलंस. पोरांचं पोरांत बोलणं झालं, तुझ्या सत्यमनं आमच्या बालाजीला सांगितलं, बालाजीनं मला. संक्रांत झाली की मुरुडचं गिऱ्हाईक येऊन इसार देणार म्हणे. तीन एकर काळी जमीन, विहिरीत अर्धा वाटा, चाळीस वर्षं आपला बांधाला बांध, आणि हे मला तिसऱ्याच्या तोंडून कळावं? दोन दिवस मी नुसता धुसफुसत होतो. मग बालाजीनं कारणही सांगितलं. वहिनी म्हणतात म्हणे, ‘त्या तारंखाली आता पाय ठेवायचा न्हाई.’ ते ऐकलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला. श्रीशैल, तू शेत विकू नयेस असं मला मनापासून वाटतं. त्यात माझा स्वार्थ आहे, हेही आधीच सांगून टाकतो. या वयात नवा शेजारी मला झेपणार नाही.

आता गावाकडचं सांगतो. भादव्यात पावसानं चार दिवस असा मुक्काम ठोकला की सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच मोड आले. आमच्या मालकीणबाईनं, केवळानं, एक फांदी हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, ‘आता हिला फोडणीच द्या.’ पूर्वी पाऊस महिनाभर रेंगाळत पडायचा, आता चार दिवसांत सगळं ओतून जातो आणि मग तोंड दाखवत नाही. ऊस मात्र तगला. खोडव्यात दोन वर्षं झाली, उसाचा वाळला पाला, पाचट, जाळत नाही, कुट्टी करून सरीत पसरतो. त्यामुळं चार दिवसांचं पाणीसुद्धा जमिनीनं पिऊन टाकलं. माती हाताला भुसभुशीत लागते, गांडुळं तर इतकी की पाणी द्यायला गेलो की बगळ्यांची पंगत बसलेली असते. विहिरीचं पाणीही यंदा टिकलंय. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी शेतीत मजा यायला लागली, असं म्हटलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस, पण तसंच आहे.

आणि हो, मी मोठा माणूस झालोय. तालुक्याच्या शेतकरी मेळाव्यात मला शाल-नारळ मिळालं, ‘पाचट न जाळणारे प्रगतिशील शेतकरी’ म्हणून. हातात माईक दिला. मी दोन वाक्यं बोललो आणि घाम पुसत खाली बसलो. लोकांना वाटलं, काय विनयशील माणूस आहे. केवळा पहिल्याच रांगेत होती. तिनं टाळी वाजवली नाही.

त्या मेळाव्यामुळंच आपल्या गावात कार्बनवाले आले. त्यांच्यात उज्वला नावाची बिलोलीकडची पोरगी आहे, शेतकीची पदवी घेतलेली. लोखंडी नळी जमिनीत ठोकते, माती काढते, पिशवीत भरते आणि वर गट नंबर लिहिते. मी चिडवलं, आमच्या मातीचं आधार कार्ड काढता का म्हणून. ती म्हणाली, ‘तसंच समजा काका, सध्या आम्ही नुसती नोंद करून राहिलो.’ मातीत कार्बन किती आहे ते मोजायचं, पाचट न जाळता तो दरसाल वाढवायचा, आणि त्याबद्दल लांबचे कारखानेवाले शेतकऱ्याला काहीतरी देणार, अशी ती योजना. मला तर हसूच आलं. मी म्हणालो, ‘पोरी, मी जन्मात इमानात बसलो न्हाई. घरात कूलरसुद्धा न्हाई. बाजाराला अजून एका फटफटीवर तिघं जातो. मोठ्या देशांनी शंभर वर्षं धुराडी पेटवली, आन् आभाळ तापलं तर माझा धूर मोजता व्हय?’ ती काही गडबडली नाही. म्हणाली, ‘काका, तुमचं खरं हाय. त्यांचा धूर लई मोठा. पण तुमच्या पाचटाचा धूर तुमच्याच मातीतून निघतो. जळतं ते तुमचंच खत हाय.’ मी तिच्या हातातली पिशवी धरली आणि तिला माती भरू दिली.

तिच्या तोंडून धूर ऐकला आणि मला तुझं रान आठवलं. दोन वर्षांपूर्वीची शिवरात्र. तुम्ही दोघं सिद्धेश्वराच्या यात्रेला लातूरला गेला होता आणि वहिनींच्या बहिणीकडं मुक्काम केला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या शेतात आग लागली. कडब्याची गंजी गेली, गोठ्याचं छप्पर गेलं, आणि वहिनींनी चार वर्षं घागरीनं पाणी घालून वाढवलेले चौदा केशर आंबे गेले. जनावरं घराकडं होती म्हणून वाचली. माझ्या रानातलं पाचटही जळालं होतं. तुझ्या शेतावरून विजेच्या तारा लोंबत जातात. कुणीतरी म्हणालं, तारेला तार घासली, ठिणगी पडली, जाळ तुझ्याकडून माझ्याकडं आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पंचनाम्यात तेच लिहिलं गेलं. मी तिथंच उभा होतो.

संध्याकाळी तुम्ही आलात. वहिनी एकेका आंब्याच्या खोडाला हात लावत फिरल्या, रडल्यासुद्धा नाहीत. मग त्यांचं लक्ष माझ्या भाजलेल्या हातांकडं गेलं आणि त्या बांधावरची कोरफड तोडायला धावल्या. ‘भावजी, आमच्यासाठी हात भाजून घेतले,’ असं म्हणत त्यांनी स्वतः गर लावला. पुढं आठ दिवसांनी मी दोन ट्रॉल्या कडबा तुझ्या दारात टाकला, तर तू माझे हात धरून रडलास. पारावर सगळ्यांसमोर म्हणालास, ‘शेजार असावा तर असा.’ ते ऐकून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. वर्षाच्या आत तू रान बटईनं देऊन सत्यमकडं गेलास. येळवशीच्या अवसेला तुझ्या शेतात या वर्षीही पूजेची कडब्याची कोप उभी राहिली नाही. केवळानं जाऊन पाच पांडवांच्या दगडांना चुना लावला आणि ताकाची अंबील शिंपडली.

आंब्यांचं मात्र एक सांगायचं राहिलं. त्यातली पाच झाडं बुडातून फुटलीत, आता छातीपर्यंत आलीत. कलमाच्या खालून फुटल्यामुळं केशर लागणार नाही, गावरानच लागेल, पण लोणच्याला काय वाईट?

आता उज्वलाच्या फॉर्मबद्दल. सहा पानांचा आहे. विहीर किती खोल, जनावरं किती, डिझेल किती लागतं, सगळं बालाजीनं बसून भरलं. अकराव्या प्रश्नावर तो थांबला. ‘शेतातील पाचट किंवा काडीकचरा शेवटचा कधी जाळला? तारीख लिहा.’ उज्वला म्हणाली, ‘काका, आठवत नसलं तर नुसतं वर्ष लिहा, चालतं.’ बिचारीनं मला वाट काढून दिली होती. मी बालाजीच्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या अक्षरात लिहिलं, शिवरात्रीचा दुसरा दिवस, दुपारी दोन वाजता. बालाजीनं वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि उठून बाहेर गेला. केवळानं न वाचताच ओळखलं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि दोन वर्षं ती एवढंच म्हणत होती, ‘तुम्ही सांगा, न्हाईतर मी सांगते.’

तार नव्हती, श्रीशैल. काडी मी ओढली. ऊस तुटून गेला होता, मजूर मिळत नव्हते, म्हटलं अर्ध्या तासात रान मोकळं होईल. वारा पडलेला होता. मग उठला. हात भाजले ते तुझं वाचवताना नाही, मीच लावलेला जाळ पोत्यानं बडवताना. पहिल्या दिवशी बोलायची भीती वाटली, पुढं वहिनींच्या कोरफडीची लाज वाटली, आणि मग तुम्ही गाव सोडलंत. पाचट जाळणं मी त्या दिवसापासून बंद केलं, त्यात प्रगती वगैरे काही नव्हती. पण ते उत्तर लिहिलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला पोटभर जेवण गेलं. लाजही वाटते आणि बरंही वाटतं, दोन्ही एकदम. रविवारी सगळ्यांच्या फॉर्मचं चावडीवाचन आहे, गाव ऐकेल. त्याआधी तू माझ्याकडून ऐकावंस म्हणून हे पत्र. वहिनींना वाचून दाखव. त्यांची मी माफी मागतो, आणि त्यांनी दिली नाही तरी मला ते समजेल. रान तुझं आहे. विकायचंच असेल तर वीक, पण तारेमुळं विकू नकोस. माझ्यामुळं वीक.

तुझाच,
बांधापलीकडचा शेषेराव