उजवी बाजू वर होती

प्रिय नंदू,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. पंगत बसायच्या आधी वैशाली वहिनींनी मला तुझ्याबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी बोललो. ते ऐकल्यापासून तुझ्या घरातलं कुणी माझ्याशी धड बोललेलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण जे साऱ्या भावकीसमोर सांगितलं, ते ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्यालाच सांगायचं राहिलं. म्हणून आज सुट्टी टाकून, खोलीचं दार लावून तुला लिहायला बसलोय.

तुझ्या गाडीपासूनच सुरू करतो.

ती लाल, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी गाडी. पंधरा वर्षं जुनी, पण तुला ती नवरीसारखी वाटायची. चिखलीच्या रस्त्यावर स्पीडब्रेकरला तिचं पोट घासलं की तुझंच पोट सोलल्यासारखा तू कळवळायचास. शाळेच्या वह्यांच्या मागच्या पानांवर तू असल्याच गाड्या काढायचास, असं तुझे अण्णा सांगायचे. शेवटी ती मिळवून दिली तुझ्या दाजींनी. चऱ्होलीत त्यांचा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा. बायकोच्या एकुलत्या एका भावाची हौस म्हणून ते चार महिने शोधत होते. गाडी दारात आली तेव्हा शकूताईनं तिला हळदकुंकू लावलं, आणि तू ताईच्या पाया पडलास. आठवतं?

पंधरवड्यानं मागून खडखड आवाज यायला लागला. रविवारी आपण तिघं दिगंबरच्या शेडमध्ये जमलो. दिगंबर गॅरेजवाला, त्याचं पोटच त्यावर. मी चाकणच्या कंपनीत पार्ट मोजून पास-नापास करणारा. आणि तू मालक, वडापाव आणायला आणि दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारायला. लातूरकडून आलो तेव्हा तुमच्याच खोल्यांत भाड्यानं राहिलो मी, आणि महिन्याभरात तू मला बालाजीचा बाला करून टाकलंस. या गावात माझं दुसरं कोण होतं?

त्या दिवशी आपण मागच्या दोन्ही बाजूंचे रबरी बुश बदलले. चाकाला गाडीशी जोडणारे जे लोखंडी हात असतात, त्यांच्या सांध्यातले. डावी बाजू दिगंबरनं केली, उजवी मी. दुपारी मला सेकंड शिफ्टची बस पकडायची होती. गाडी अजून जॅकवर होती, चाकं लटकत होती. मी बोल्ट आवळले, हात पुसले आणि पळालो.

ते बोल्ट तसे आवळायचे नसतात, नंदू. आधी चाकं टेकवायची, गाडीचं वजन त्यांच्यावर येऊ द्यायचं आणि मग शेवटचं आवळायचं. लटकत्या चाकावर आवळले तर गाडी खाली उतरताना त्या रबराला पीळ बसतो, आणि ते ती बाजू सारखी वर ढकलत राहतं. दिगंबरनं त्याची बाजू मी गेल्यावर, चाकांखाली ठोकळे देऊन नीट आवळली होती. मला हे माहीत नव्हतं असं नाही. मला घाई होती.

चार दिवसांनी तुझा फोन आला. गाडी मागून डावीकडं बसल्यासारखी दिसते म्हणालास. मी आलो, टेप लावली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंत. डावी बाजू अठरा मिलिमीटर कमी.

कमी. हाच शब्द मी वापरला. उजवी जास्त आहे का, असा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. दिगंबरनं मात्र विचारलं होतं. "बाला, उजवे बोल्ट वजन देऊन आवळले होतेस ना?" मी म्हणालो, हो. आठवून बघितलं नाही, एक क्षण थांबलोसुद्धा नाही. रोज शंभर माणसांच्या चुका पकडणाऱ्याला कुणी असं विचारावं याचाच मला राग आला होता.

मग आपण मागच्या दोन्ही स्प्रिंगा काढून इकडच्या तिकडं घातल्या. त्यांचे बोल्ट वेगळे, त्या हातांना आपण शिवलोच नाही. तरी डावीच खाली. म्हणजे स्प्रिंग चांगली. मग डाव्या कमानीच्या आतल्या अंगाला मला नव्या रंगाचा एक पट्टा दिसला, आणि मी निकाल दिला. गाडी मागून ठोकलेली आहे, सांगाडा वाकलाय आणि रंग मारून तुला दिलीय.

तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू गाडीकडं बघितलंच नाहीस, माझ्याकडं बघत राहिलास. "दाजींनी?" एवढंच म्हणालास.

दुसऱ्याच दिवशी तू मला चऱ्होलीला घेऊन गेलास. दाजींकडं दोन गिऱ्हाईकं बसलेली, शेजारी त्यांचे वडील. त्या सगळ्यांसमोर तू त्यांना फसवा म्हणालास. दाजी आधी हसले, त्यांना थट्टा वाटली. मग तुझा आवाज चढला तशी शकूताई आतून आली, हातात चहाचा ट्रे. दाजींनी पोराबाळांची शपथ घेतली. तू म्हणालास, बालाची टेप खोटं बोलत न्हाई. मग ते माझ्याकडं वळले आणि अगदी हळू विचारलं, "तुमी सोता बघितलं का, सांगाडा वाकलेला?"

मी म्हणालो, "मोजलंय."

बघितलं नव्हतं. मोजलं होतं. तो फरक त्यांच्या लक्षात आला होता, माझ्या आला नाही. ताई ट्रे घेऊन तशीच आत गेली.

त्यानंतर दोन भाऊबिजा गेल्या. तू चऱ्होलीला गेला नाहीस, ताई चिखलीला आली नाही. अण्णांनी जावयाचं नाव घरात घेऊ दिलं नाही. गावात पसरलं की यानं बायकोच्या भावालाच ठोकलेली गाडी दिली, मग परक्याला काय देईल? दाजींच्या दारातली गिऱ्हाईकं पातळ झाली. आता ते एका कंपनीच्या गेटवर गाड्यांच्या नोंदी करतात. गाडीवर तू कव्हर टाकलंस. मी कितीदा म्हणालो, परत एकदा उघडून बघू. तू म्हणायचास, नको, तिच्याकडं बघितलं की ताई आठवते.

आणि मग तुला डेंग्यू झाला. मागच्या वर्षी, नवरात्राच्या आधी.

पहिल्या दिवशी तू हसत होतास. चौथ्या दिवशी पेशी उतरल्या आणि तुला आयसीयूत हलवलं. तुझी लेक आरोही लहान, वहिनींची घर-दवाखाना अशी धावपळ, म्हणून दाराशी बहुतेक वेळ मीच असायचो. पाचव्या दिवशी ताई आणि दाजी आले. मी आत येऊन तुला सांगितलं. तू डोळे मिटूनच म्हणालास, "ताईला पाठव. त्यांला नको."

तो निरोप बाहेर नेणारा मी. बाहेर येऊन मी ताईला तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती दाजींकडं बघून म्हणाली, दोघं आलोय, दोघं जाऊ. दाजींनी तिला किती समजावलं, तू जा, मी इथं बसतो म्हणाले. ती उठली नाही. संध्याकाळपर्यंत दोघं बाकड्यावर बसून होते. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

तू थोडा तरी वाकायला हवं होतंस, नंदू. मरणाच्या दारात कुणी असं धरून बसतं का? असं मला तेव्हा वाटलं होतं. मी मनातल्या मनात तुलाच हट्टी म्हटलं होतं. मी, तुला.

मागच्या महिन्यात वहिनी म्हणाल्या, ती गाडी अंगणातून हलवा, बघवत नाही. दिगंबर म्हणाला, नंदूची गाडी अशी तिरकी बाहेर जायला नको, आधी सरळ करू. तुझी हौस म्हणून आम्ही दोघंच बसलो. हवा भरली, गाडी ढकलत शेडमध्ये आणली, चाकांखाली ठोकळे दिले. दिगंबर म्हणाला, सांगाड्याला हात लावायच्या आधी सगळे सांधे सैल करून बघतो. डावीकडचे बोल्ट सैल केले, काही झालं नाही. उजवीकडचा पहिला बोल्ट सुटला तसा आतून कट्ट असा आवाज आला आणि गाडीची उजवी बाजू खाली बसली. दुसऱ्याला आणखी बसली. त्यानं एक बुश काढून माझ्या हातात दिला. रबर पीळ खाऊन एका कडेनं फाटलं होतं.

नवा बुश घातला, सगळे बोल्ट वजनावर आवळले. मी टेप लावली. दोन्हीकडं सारखं. नंदू, अर्ध्या तासाचं काम होतं.

दिगंबर पाना खाली ठेवून नळावर गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. परत आल्यावर म्हणाला, "उजवी बाजू तू केली होतीस." मी हो म्हणालो. या वेळी आठवून.

आठ दिवस मी चऱ्होलीला गेलो नाही, हेही तुला कळू दे. आज ओव्हरटाइम, उद्या अंग दुखतंय, असं करत राहिलो. गाडी सरळ झाली एवढंच वहिनींना सांगून गप्प बसावं, असंही मनात येऊन गेलं. मेलेला माणूस थोडाच विचारणार आहे? शेवटी दिगंबर म्हणाला, तू जातोस का मी जाऊ? तेव्हा गेलो.

दाजी ड्युटीवरून नुकतेच आले होते, अंगावर गेटवरचाच शर्ट. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. माझं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आता सरळ हाय ना गाडी?" मी मान हलवली. मग म्हणाले, तो रंगाचा पट्टा म्हणजे जुन्या मालकाची गाडी फाटकाला घासली होती तो. "घेतानाच नंदूला दाखवला व्हता मी."

चऱ्होलीत त्या दिवशी आपण पट्ट्याचं नावच काढलं नव्हतं, नुसती टेप सांगितली होती. तुला माहीत होतं? मग त्या दिवशी शेडमध्ये बोलला का नाहीस? मी बोट ठेवून पट्टा दाखवत होतो आणि तू नुसता उभा होतास. दाजींनी आपणहून दाखवलेली गोष्ट तू माझ्या एका वाक्यापुढं विसरलास? एवढा विश्वास कशाला ठेवायचा रे कुणावर?

ताई रडली नाही. ती म्हणाली, "हे आमाला घरात येऊन सांगून काय उपयोग? त्यो चारचौघांत बोलला व्हता. तू बी चारचौघांत बोल."

म्हणून काल बोललो. अंगणात सगळी भावकी बसली होती. ताई-दाजी तीन वर्षांत पहिल्यांदा त्या घरात आले होते, वहिनींनी स्वतः फोन केला म्हणून, आणि अगदी मागं, फाटकाजवळ बसले होते. लोकांना वाटलं मी तुझ्या दिलदारपणाबद्दल बोलेन. मी बोल्टबद्दल बोललो. आधी कुणाला काही समजेना. मग एकेक जण मागं वळून दाजींकडं बघायला लागला.

अण्णा उठले. काठी न घेताच मागं गेले आणि जावयासमोर हात जोडून उभे राहिले. दाजींनी ते हात धरून खाली केले आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. अण्णांनी खिशातून तुझ्या गाडीची किल्ली काढून त्यांच्यापुढं धरली. दाजींनी ती घेतली नाही.

माझ्या पुढ्यात वहिनींनी पान वाढलं. न बघता म्हणाल्या, जेवून जा. पान संपवून उठलो.

निघताना ताई फाटकात थांबली. मला वाटलं, आता काहीतरी मोकळं बोलेल. ती म्हणाली, "बालाजी, दवाखान्यात त्यो आत व्हता आन् आमी बाकड्यावर. मधी एक दार व्हतं, बस. त्या दाराचं आता मी काय करू?"

याचं उत्तर तुझ्याकडं आहे का?

माफी मागत नाही तुझी. ती द्यायला तू नाहीस, आणि असतास तर हसून देऊन टाकली असतीस, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मला ती मागवत नाही.

एक शब्द मात्र देतो. ताईनं तुझ्या जागी आरोहीला भाऊबिजेला चऱ्होलीला बोलावलंय. अण्णांना आता गाडी चालवणं जमत नाही. दिगंबर म्हणाला, मी सोडतो. मी म्हणालो, मी नेईन. वहिनी हो म्हणाल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. या वर्षी नेईन, पुढच्या वर्षी नेईन, ती मोठी होऊन स्वतः जायला लागेपर्यंत दर वर्षी नेईन. ताईच्या दारापर्यंत सोडेन आणि परत रस्त्यावर येऊन थांबेन. आत बोलावलं नाही तर जाणार नाही. त्यांचं बोलणं-जेवणं सगळं होईपर्यंत बाहेरच बसेन, कितीही वेळ लागला तरी.

तुझा,
बाला