मुलाम्याची खोली

निपाणी, ५ जानेवारी १९३४
आज कामावर रुजू झालो. उपेंद्रअण्णांच्या कारखान्यात देवांच्या मुखवट्यांना सोन्याचा मुलामा देतात. कारखाना म्हणजे परसातली एक खोली. मध्ये कोळशाची शेगडी, कडेला माझं अंथरूण. राहायचा प्रश्नही मिटला. बाळाला काखेत घेऊन बायको, मालू, गावच्या वेशीपर्यंत सोडायला आली होती. म्हणाली, खानापूरच्या चिखलातला परशराम आता सोन्यात लोळणार! अजून हसू येतंय.

११ जानेवारी
जुना कारागीर भावकू काम शिकवतो. सोन्याचा वर्ख गरम पाऱ्यात विरघळला की लोण्यासारखा गोळा होतो. तो बोटानं तांब्याच्या मुखवट्याला चोळायचा आणि मुखवटा निखाऱ्यांवर धरायचा. पारा उडून जातो, सोनं राहतं. देवीचा गाल पिवळा होताना पाहिला. इतकं देखणं काही माझ्या हातून कधी झालं नव्हतं. वाऱ्यानं आच बिघडते म्हणून खिडक्या बंद असतात. भावकू बोलत नाही. भिंतीकडं तोंड करून जेवतो.

२ मार्च
पारा सांडला. सारवलेल्या जमिनीच्या भेगांत थेंब पळाले, थोडेच हाती लागले. भाकरी आणून देणाऱ्या मनुबाईला मी म्हातारा भावकू म्हणालो, तर तिनं कपाळाला हात लावला. "कशाचा म्हातारा? माझ्या थोरल्याच्या बरोबरीचा हाय त्यो. तिशीचा."

१९ एप्रिल
भावकूचे हात इतके थरथरले की मुखवटा निखाऱ्यांत पडला. तो कोळशाच्या पोत्यांमागं दडून रडला. माझ्याकडं बघू नगा, एवढंच म्हणत राहिला. त्याच्या भावानं त्याला बैलगाडीत घालून नेलं. लोक म्हणतात, देवाच्या तोंडाला हात लावल्याची बाधा. गाडी वळेपर्यंत उभा होतो. आता खोलीत मी एकटाच. दिवसभर कुणाशी शब्द नाही.

६ जून
तोंडाला सारखी तांब्याची चव. हिरड्यांतून रक्त येतं. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी माझं काम विचारलं. म्हणाले, बाधाबिधा काही नाही, पाऱ्याची वाफ आहे. तिला वास नाही, दिसत नाही. खिडक्या उघडा, हात धुऊन बाहेर जेवा, तिथं झोपू नका. जमलं तर काम सोडा.
अण्णांना सांगितलं. त्यांनी खिडकी उघडली. बरं वाटलं. दुपारी आच बिघडली तशी त्यांनी पुन्हा लावून घेतली. आमच्या आज्यापासून असंच चाललंय म्हणाले. मी अंथरूण गुंडाळलं. दुसरं काम मिळेपर्यंत पडवीत झोपेन.

२३ जुलै
पडवीत पाणी शिरलं. पुन्हा आत झोपतो. झोप कसली — नुसता पडून राहतो. दुसरं काम शोधायला बाजारात गेलो, पण माणसं बघून परत फिरलो. का, कळत नाही.

९ सप्टेंबर
मनुबाई आली की दाराआड उभा राहतो. ती भाकरी ठेवून गेली की बाहेर येतो. ओठ थरथरतात, ते तिला दिसू नये. अक्षर वाकडं येतं.

३० सप्टेंबर
मुखवटे बघतात. सगळे. त्यांच्यावर पोतं टाकलं. पोत्याखालूनही —

१५ ऑक्टोबर
मालू आली. न बोलावता. बाळ मला बघून रडलं. मी ओरडलो, केवढ्यानं ओरडलो! ती म्हणाली, "अवं, हिकडं बघा की. मी हाय." वर बघवेना. तिचाच पदर तोंडावर घेऊन रडलो.

१७ ऑक्टोबर
माझ्या हातून चहा सांडला. अण्णा बघत होते. मग मालूच्या बोटांकडं बघत राहिले. "बाईचा हात लई थिर हाय. घर चालाय पायजे न्हवं?"
मालू कामाला व्हय म्हणाली.
डॉक्टरांचं सगळं सांगायचं होतं. तोंडातून शिव्याच आल्या. अण्णांनी तिला समजावलं, लागीर झालंय त्याला, मनावर घेऊ नको.

२० ऑक्टोबर
मी पडवीत. मालू आत, शेगडीपुढं. खिडक्या लावल्यात, दाराला आतून कडी. गारठा आहे म्हणून बाळाला आतच निजवलंय —
दार वाजवलं. धीर धरा, थोडंच राहिलंय, म्हणाली. किती मायेनं म्हणाली.
बाळ खोकतंय. जीभ वळत नाही — लिहून दारातून सरकवावं तर तिला वाचता कुठं —
मालू, दार उघड. बाळाला तरी बाहेर —