मनू रडत नाही

५ जानेवारी १९९७, रविवार

पिंप्राळ्यात घर लागलं एकदाचं! दोन खोल्या, पुढे ओटा, मागे शेवग्याचं झाड. मनूच्या बाबांनी, अभिमननी, छताच्या कडीला पाळणा टांगून दिला आणि संध्याकाळच्या बसनं धुळ्याला नोकरीवर परत गेले. शेजारच्या पुष्पाबाईंनी भरीत आणि कळण्याची भाकरी पाठवली. उद्यापासून माझी लॅबची नोकरी. सकाळी मनूला पुष्पाबाई बघणार, दुपारपासून मी. सात महिन्यांची पोर, नव्या जागी किरकिर करील असं वाटतंय.

९ जानेवारी

काम आवडलं. रक्त घ्यायचं, नळ्या यंत्रात फिरवायच्या, वर येतं ते पिवळसर पाणी तपासायचं. आणि मनू तर अगदी गुणी झाली आहे. दुपारभर मी घरकामात असते, पाळण्यातून हूं की चूं नाही. इथलं पाणी पोरीला मानवलं, असं अभिमनना पत्रात लिहिलं.

१३ जानेवारी

नवं रसायन तपासायला माझंच उपाशीपोटी रक्त घेतलं. नळी बाहेर काढली तर वर पाणी नव्हतं, दूध होतं. पांढरं, दाट. पुन्हा रक्त काढलं, पुन्हा तेच. लॅबचे डॉक्टर म्हणाले, रक्तात चरबी फार आहे, बहुधा जन्मापासूनची. घरात कोणाला काही होतं का? आई तिशीत बहिरी झाली, पण ती तापानं, असं मी सांगितलं. त्यांनी नळी पुन्हा उजेडात धरली. मग माझं वय विचारलं. एकोणतीस.

१४ जानेवारी

तिळगूळ द्यायला पुष्पाबाई आल्या आणि तडक पाळण्याकडे गेल्या. मनूचा चेहरा लालबुंद, उशी भिजलेली. मी चार हातांवर तांदूळ निवडत होते.

“माय, पोर कव्हाची रडू राह्यली. तुले ऐकू येत नाही का?”

रोजच रडते, म्हणाल्या. त्यांना वाटायचं, मी मुद्दाम उचलत नाही.

१६ जानेवारी

धुळ्याला कान तपासले. जाड आवाज ऐकू येतात, बारीक बहुतेक नाहीत. तिथले डॉक्टर म्हणाले, चरबीनं कानातल्या बारीक रक्तवाहिन्या कोंडत असाव्यात. शिवाय पेशींतली काही जनुकं काम थांबवत असावीत. जनुकं तिथंच असतात, नुसती गप्प होतात. पक्कं अजून कोणालाच माहीत नाही. तेल-तूप बंद, गोळ्या सुरू. गेलेलं परत येईल का, विचारलं. त्यांचे ओठ हलले. अभिमननी मान खाली घातली.

१९ जानेवारी

कुकरची शिट्टी ऐकू येईना. आज बांगड्याही. मनू तोंड उघडते तेव्हा रडते की जांभई देते, बघितल्याशिवाय कळत नाही. लॅब सोडली. मंगळवारी चारला अभिमन येऊन तिला त्यांच्या आईकडे नेणार. मला नको म्हणवत नाही.

२० जानेवारी

मनूचं रडणं ऐकू आलं! धावले. झोपलेली. परत रडणं — परत धावले — झोपलेली. पुष्पाबाई खुणेनं सांगतात, पोर शांत आहे. म्हणजे माझ्या कानातच —

२१ जानेवारी

सकाळपासून रडणं. आता उठायचं नाही. पदर पाळण्याच्या दोरीला बांधलाय, हलली की ओढ बसेल. पाठ करून लिहीत बसले, नाहीतर सारखी उठते —

रडणं थांबलं. एकदम.

बांधल्यापासून पदराला एकदाही ओढ नाही —

दाराची कडी थरथरतेय. घड्याळात साडेचार. अभिमन आले वाटतं. कधीपासून —

खिडकीत पुष्पाबाई. गज धरलेत. तोंड उघडं, पूर्ण उघडं. माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या मागे, पाळण्याकडे —